मयताच्या वाटेवरचा भोंगा

माइक हातात आला की माणूस बोलायच्या आधी त्याच्यात फुंकर मारतो. मंत्री असो, नवरदेवाचा मामा असो नाहीतर भजनी बुवा, फू फू केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. थुंकी आत जाते, जाळी खराब होते. मी लांबून हात हलवून ‘नको, नको’ करतो, पण ऐकतो कोण! सारी उमर आमच्या पंचक्रोशीला माइक पुरवला आणि एवढी साधी गोष्ट लोकांना शिकवू शकलो नाही. आता धंदा पुतण्याच्या हवाली केलाय. तो स्वतःला डीजे म्हणवतो. मी दत्तू भोंगेवाला होतो आणि तोच राहणार.

धंद्याला नाव आईचं दिलं होतं. ‘हौसाबाई साउंड सर्व्हिस.’ लोक हसायचे. विचारायचे, तुझ्या आईचा आवाज एवढा मोठा होता का रे? होता. सुकट विकायला बसली की दोन आळ्या पलीकडे ऐकू जायचं. तिला कधी मशीन लागलं नाही.

ज्यांना या धंद्यातलं काही ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बंद हॉलमध्ये लावतात ते बॉक्स. रस्त्यावर, मैदानात, रिक्षाच्या टपावर लावतात तो भोंगा. भोंगा आवाज सरळ फेकतो, त्याचं तोंड ज्या बाजूला त्या बाजूला. त्याच्या तोंडासमोर माइक धरलात की तो कर्कश किंचाळतो आणि मग सगळे माझ्याकडे रागानं बघतात. कार्यक्रमाला पोलिसांची परवानगी लागते, आवाज किती ठेवायचा त्याचा नियम असतो, आणि परवानगी कुणाच्याही नावावर असली तरी पोलीस पहिल्यांदा भोंगेवाल्यालाच धरतात. हे सगळं शिकता येतं. शिकता न येणारी गोष्ट एकच, गिऱ्हाईक माइकवर काय बोलणार हे त्याला विचारायचं नाही.

हे तोंड शिवून बसणं सोपं नसतं. आमच्याकडे दोन सख्खे भाऊ होते, बांधावरच्या आंब्यावरून त्यांचं भांडण. थोरल्यानं सत्यनारायणाच्या पूजेला म्हणून भोंगा नेला. पूजा उरकली आणि त्यानं दुपारभर धाकट्याचा असा उद्धार केला की सारी आळी ओटीवर येऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा माझ्या दारात, ‘दत्तू, मलापण पूजा घालायची हाय.’ दिला. का नाही द्यायचा? एकाला दिला, दुसऱ्याला नाही, असं कसं चालेल? तिसऱ्या दिवशी दोघांच्या बायका मिळून आल्या. म्हणाल्या, ‘भावोजी, तुमचा भोंगा घेऊन जावा, आणि पुन्हा आमच्या घरात देव आला तरी देऊ नका.’

तर असा हा धंदा. लग्न, हळद, प्रचार, गणपती, मोर्चे. आणि मयत. गावात कुणी गेलं की रिक्षावर भोंगा बांधून मयताचा पुकारा करायचा, तो मी दुसऱ्या कुणाला करू दिला नाही. आवाज रडका करायचा नसतो आणि मोठाही. माणसं चुलीपासून उठून दारात येतात, नाव ऐकतात, ‘अरे देवा’ म्हणतात. ही माझी कमाई आहे असं मी समजतो. पण एक दिवस असा आला की एकाच सकाळी, एकाच मयताच्या वाटेवर, दोन गिऱ्हाइकांनी माझा भोंगा मागितला. तेच सांगायला बसलोय.

आमचा गाव खाडीच्या काठाला आहे. न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या कंटेनरांच्या रस्त्यावरून आत वळलात की येतो. पूर्वी सगळी मिठागरं आणि भरतीच्या पाण्यातलं खाजण, आता भराव आणि कंटेनरचं यार्ड. काशिनाथशेठ आमचे बरीच वर्षं सरपंच. मेलेल्या माणसाबद्दल खोटं वाईटही बोलू नये आणि खोटं चांगलंही. नळाचं पाणी त्यांनी आणलं. कितीतरी घरची पोरं त्यांच्या शब्दावर यार्डात चिकटली. अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायला स्वतःची गाडी काढायचे. माणूस वाईट नव्हता हो. त्यांना फक्त ऐकून घ्यायची सवय नव्हती.

ग्रामसभेला माइक माझाच असायचा, त्यामुळे मी दर वेळी हजर. शेठ भाषण करायचे, अहवाल वाचला जायचा, आणि कुणी तिरपा प्रश्न विचारायला उभं राहिलं की शेठ हात जोडून म्हणायचे, ‘चला, आपण सगळे उभे राहू या.’ की राष्ट्रगीत सुरू! आता राष्ट्रगीत चालू असताना कोण तोंड उघडणार? संपलं की चहा. प्रश्न विचारणारा माणूस हातात चहाचा कप घेऊन घरी जायचा. मला सुरुवातीला हसू यायचं. नंतर नंतर यायचं बंद झालं.

बंद झालं ते यमुनावैनीमुळे. यमुनावैनी म्हणजे आमच्या पोशाभाऊची बायको. पोशाभाऊनं जन्मभर मिठागरात मीठ ओढलं, म्हातारपणी दम्यानं धरला. एका पावसाळ्यात गावात पाणी शिरलं. पाणी पूर्वीही यायचं, पण ओहोटीला उघाडीतून खाडीत निघून जायचं. उघाडी म्हणजे बांधातला दरवाजा. त्या वर्षी यार्डाच्या भरावात उघाडी बुजली होती आणि त्या भरावाला पंचायतीची मंजुरी होती. पाणी आलं ते राहिलंच. त्याच पाण्यात पोशाभाऊ गेला. दम्यानंच गेला, त्याचं खापर शेठवर फोडणं बरोबर नाही, आणि यमुनावैनीनंही कधी फोडलं नाही. तिचं दुःख वेगळं होतं. आमचं मसण खाडीलगत, ते बुडालेलं. प्रेत दोन रात्री माळ्यावर ठेवावं लागलं. शेवटी थर्माकोलचा तराफा, ज्यावरून आमची माणसं खाडीत जाळी टाकायला जातात तो, त्यावर पोशाभाऊला बांधलं आणि चौघांनी छातीभर पाण्यातून ओढत रस्त्यापर्यंत नेलं. तिथून टेम्पोनं शेजारच्या गावात. त्या गावानं लाकडं दिली. ना भाऊबंद, ना भजन, ना खांदेकरी. यमुनावैनी माळ्याच्या खिडकीतून तराफा दिसेनासा होईपर्यंत बघत होती.

पाणी ओसरल्यावर ती ग्रामसभेत उभी राहिली. जन्मात कधी सभेत बोलली नव्हती. ‘माज्या मानसाला मसणात जागा का नव्हती, एवरा सांगा,’ एवढंच म्हणाली. शेठनी हात जोडले. राष्ट्रगीत झालं. पुढच्या सभेला ती पुन्हा उभी राहिली, पुन्हा तेच. दर सभेला ती यायची, दर सभेला तेच व्हायचं. शेवटी शेवटी तर ती उठली की लोक आपले आधीच उभे राहायला लागले. मला त्या लोकांची चीड यायची, पण खरं सांगायचं तर त्यांनाही यार्डातली नोकरी सांभाळायची होती.

आणि मग एका सकाळी काशिनाथशेठ पनवेलच्या दवाखान्यात वारले.

धाकट्या शेठचा, म्हणजे त्यांच्या भावाचा निरोप आला, पुकारा कर, दुपारनंतर न्यायचं आहे. मी रिक्षा काढून भोंगा बांधत होतो, इतक्यात यमुनावैनी आणि तिच्यामागे आळीतल्या सात-आठ बाया अंगणात.

‘दत्तू, भोंगा पायजे.’

‘कशाला?’ असं मी विचारत नाही. मी विचारलं, ‘कुठं लावायचा?’

‘मसणाच्या वाटेवर. वडाखाली.’

मी हातातली दोरी खाली ठेवली. ‘वैनी, आज?’

‘आजच. जित्ता व्हता तवर त्यानी मना बोलू दिला नाय. आज तो उटून उबा रायचा नाय.’ तिच्या मागच्या बाया हसल्या नाहीत.

मी ‘बघतो’ म्हणालो. त्या गेल्या आणि लगेच हवालदार आला. गावात बातमी भोंग्यापेक्षा लवकर फिरते. हवालदार भला माणूस, घरात त्याची स्वतःची आई आजारी. म्हणाला, ‘दत्तूशेठ, एक काम करा. सेट बिघडलाय सांगा. तुम्हालाही त्रास नको, मलाही नको.’

‘आणि मग पुकारा कशावर करू?’

‘तो करा हो. त्या बायांसाठी बिघडलाय.’

‘साहेब, माझं मशीन माणसं बघून बिघडत नाही.’

हवालदार ओट्यावर बसला, टोपी काढली. म्हणाला, ‘मला पण कळतंय हो. रस्ता सरकारी आहे. बाया वडाखाली उभ्या राहिल्या तर मी त्यांना हाकलू शकत नाही. बोलायचा हक्क आहेच. पण अंत्यविधीत मुद्दाम अडथळा आणला की कलम लागतं. मग त्या म्हातारीला मी काय, गाडीत घालू? माझ्या हातानं?’ मी त्याला चहा दिला.

मी पुकारा करून आलो तर दारात वैशाली. शेठची एकुलती एक लेक, पुण्यात असते, रात्रीच बापाजवळ आलेली. केस मोकळे, पायात काही नाही. घराच्या आत आली नाही, रिक्षाजवळच थांबली.

‘दत्तूकाका, त्या माझ्या बाबांच्या वाटेवर काय बोलणार आहेत?’

‘बाळा, ते मी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी सांगितलं नसतं.’

‘मग तुम्ही माइक देऊ नका. माझ्यासाठी.’

काय सांगू, त्या पोरीला मी लहानपणी शाळेच्या गॅदरिंगला स्टुलावर उभी करून माइक उंचीला लावून दिलाय. म्हटलं, ‘आज तुझ्यासाठी तिला नाही दिला, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून तुलाही देणार नाही. तू माझ्याशी नको बोलूस. तिच्याशी बोल.’

‘चला मग,’ ती म्हणाली. घरात बापाचं प्रेत, दारात माणसं जमलेली, काका-आत्या हाका मारतायत, आणि ही पोर अनवाणी आमच्या आळीकडे निघाली. मी मागं.

यमुनावैनीच्या अंगणात जवळा वाळत घातलेला होता. बाया कडेनं बसलेल्या. वैशाली कुंपणाबाहेर रस्त्यावरच थांबली. ऊन रणरणत होतं.

‘मावशी, आत येत नाही. सुतक आहे.’

‘माहीत हाय. तितंच उबी राव.’

‘तुम्ही आज काय बोलणार, ते मला सांगा. मी ऐकायला आले.’

बसल्या जागेवरून, जवळ्यावरच्या माश्या हाकत हाकत, यमुनावैनीनं सगळं सांगितलं. माळा, तराफा, छातीभर पाणी, टेम्पो. आवाज चढवला नाही. आईशप्पथ, चढवला असता तर बरं झालं असतं. वैशालीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती हळूच म्हणाली, ‘तेव्हा रस्ते बंद होते. मी येऊ शकले नाही. बाबा फोनवर म्हणाले, गावात थोडं पाणी आलंय.’

‘थोरा पानी,’ एक बाई म्हणाली आणि थुंकली.

‘माझ्या बाबांना नीट जाऊ द्या, असं म्हणायला आले होते मी,’ वैशाली म्हणाली, ‘आता ते कुठल्या तोंडानं म्हणू?’ आणि ती मटकन रस्त्यावर बसली. तापलेल्या डांबरावर. रडायला लागली.

सुतकातल्या माणसाला आमच्याकडे शिवत नाहीत. बाया जागच्या हलल्या नाहीत, मीही घुटमळलो. यमुनावैनी उठली, जवळा ओलांडून कुंपणाबाहेर आली आणि तिला दोन्ही दंडांना धरून उभं केलं. ‘उट. बाप घरात हाय तुजा. त्याला सोरून आयलीस.’ पदरानं तिचं तोंड पुसलं. म्हणाली, ‘आज नाय बोलत मी. पन मंग कवा बोलू, ता सांग. मना बोलाचा त हाय.’

वैशाली डोळे पुसत म्हणाली, ‘शोकसभेत. सगळ्यांसमोर. मी स्वतः तुमचं नाव घेईन.’

मघाची बाई फणकारली, ‘शोकसभेत सगली गोर गोर बोलतान. तितं हिला कोन उबी करल? तुजे काके?’

ते खरंच होतं. शोकसभेत सगळे गोडच बोलतात, मेलेल्याला कुणी नावं ठेवत नाही, ठेवायची रीतच नाही. वैशालीनं माझ्याकडे बघितलं. ‘माइक काकांचा आहे,’ ती म्हणाली.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. गावातली पंचायतीची, शाळेची, देवळाची सगळी कामं धाकट्या शेठच्या शब्दावर मिळायची, हे मला काय माहीत नव्हतं? पण तोंडातून निघून गेलं, ‘वैनी, तुझं बोलून होईपर्यंत माइक बंद होणार नाही. कुणीही सांगू दे.’

दुपारनंतर मयत निघालं. सगळा तालुका लोटला होता. वडाखाली बाया ओळीनं उभ्या, डोक्यावर पदर, तोंड बंद. हवालदार त्यांच्याजवळच घुटमळत होता. आणि अशात कुठून कोण जाणे, जीपमधून आठ-दहा पोरं उतरली. शेठच्या विरोधातल्या पार्टीची, तालुक्याहून आलेली. हातात चपलांचा हार आणि त्यांचा स्वतःचा हातातला कर्णा. लागले ओरडायला, ‘शेठ मेला, बरं झालं! खाडी खाल्ली, पोट फुटलं!’ खांद्यावरची ताटी अजून वळणावर होती, पुढं मडकं धरून वैशाली. तिनं ते ऐकलं, तिचा पाय थबकला, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

हवालदार धावला, पण त्याच्या आधी यमुनावैनी पोचली. ‘कोन रे तुमी?’

‘आजी, आम्ही तुमच्याच बाजूनं आलोय.’

‘माज्या बाजूनं उबा रायचा त गप रावा. मयत चाललाय.’

त्यांच्यातला एक जरा शिकलेला होता. ‘आजी, लोकशाही आहे. आपल्याला बोलायचा हक्क आहे.’

‘हाय ना. कोन नाय बोलतो? पंचायतीसमोर जा नि बोंबल. त्याचा भाव जित्ता हाय, त्याला इचार. मढ्याशी कसला भांडतस? त्याच्या पोरीला रडवाला आयलास?’ आणि तिनं त्याच्या हातातला चपलांचा हार ओढून काढला आणि जीपमध्ये भिरकावला. बाया सगळ्या पुढं सरकल्या होत्या. आमच्या आळीतल्या बाया पुढं सरकल्या की शहाण्या माणसानं मागं सरकावं. पोरं कर्णा खाली करून उभी राहिली. ताटी वडासमोरून शांतपणे गेली. यमुनावैनी शेवटचा माणूस जाईपर्यंत तिथंच होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती सगळं बघत होती, फुलं, खांदेकरी, भजनी मंडळ, ती गर्दी.

त्या दिवशी सगळ्यांनी तिची तारीफ केली. हवालदारानं तर तिच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. मला मात्र भीती वाटत होती. तारीफ करून माणसाला गप्प बसवणं सोपं असतं, आणि कार्य उरकेपर्यंत लोक सगळं विसरून जातात.

शोकसभा शाळेच्या पटांगणात झाली. मंडप, टेबलावर शेठचा हार घातलेला फोटो, समोर ताटात फुलं. आमदार बोलले, यार्डाच्या कंपनीचे साहेब बोलले, मुख्याध्यापक बोलले. शेठ किती मोठे होते हे ऐकून शेठनाही नवल वाटलं असतं. यमुनावैनी शेवटच्या रांगेत, पटांगणाच्या कडेला. वैशाली पुढं बसून सारखी गुरुजींना खुणावत होती. गुरुजी सूत्रसंचालन करत होते, ते तिच्याकडे बघायचेच नाहीत. धाकट्या शेठनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि गुरुजी म्हणाले, ‘आता आपण सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं स्तब्धता पाळायची आहे. त्यानंतर सभा संपली असं जाहीर करतो.’

सगळे उभे राहिले. मीही राहिलो. आणि मनात म्हटलं, झालं, पुन्हा तेच.

स्तब्धता संपली, खुर्च्या सरकल्या, आमदार चपला शोधायला लागले. तेवढ्यात वैशालीनं जाऊन गुरुजींच्या हातातला माइक घेतला. ‘बसा. कृपा करून बसा. अजून एकांना बोलायचंय. यमुनामावशी घरत.’

कुजबुज सुरू झाली. यमुनावैनी मागून यायला निघाली, आणि इकडं धाकटे शेठ तरातरा माझ्याकडे. ‘दत्तू, बंद कर.’

‘बिघडलाय, शेठ.’

‘काय बिघडलाय? चालू तर आहे!’

‘बंदचं बटण बिघडलंय.’

माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की काय विचारता! त्यानंतर त्यांच्याकडचं एकही काम मला मिळालं नाही. पण त्यांनी वायरीला हात लावला नाही, हेही सांगायला हवं. भावाच्या फोटोसमोर तमाशा नको, एवढं त्यांनाही कळत होतं.

यमुनावैनीनं माइक धरला. सगळे वाट बघत होते, आता ही शेठच्या सात पिढ्या काढणार.

‘मी शिव्या पाठ करून ठेवलेल्या,’ ती म्हणाली. ‘बऱ्याच व्हत्या. आज एक पन आठवत नाय.’ मग माझ्याकडे वळली. ‘दत्तू, माज्या मानसाचा पुकारा रायलाय. त्या पान्यात तुजी रिक्षा बुरलेली. तो आज कर.’

एवढे पुकारे केले, असा कधी केला नव्हता. पुढं झालो, माइक घेतला.

‘दुःखद निधन. कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या गावातील ज्येष्ठ मिठागर कामगार, कैलासवासी पोशा नामा घरत यांचे दीर्घ आजाराने राहत्या घरी निधन झाले आहे. त्यांची अंत्ययात्रा त्यांच्या राहत्या घरापासून...’

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर कायमचं बसलेलं. किती वाजता निघेल, कुठं जाईल. पण ते म्हणायचं कसं? मी तिथंच अडकलो. यमुनावैनीनं माझ्या हातातून माइक घेतला.

‘तराफ्यावर निंगाली,’ ती म्हणाली. ‘चार मानसां व्हती, छातीभर पान्यात. आपल्या मसणात पानी व्हता, म्हनून दुसऱ्यांच्या गावात जालला त्याला. उघाडी कोनी बुजवली, ता मी दर सभेला इचारला. तुमी सगली व्हतेत. सगली उबी रायलेत.’ मग ती शेठच्या फोटोकडे वळली. ‘शेठ, तुमचा मयत चांगला झाला. मी वराखाली उबी व्हते, सगला बगितला. आसाच माज्या मानसाचा व्हवाचा व्हता. एवराच बोलाचा व्हता मना.’

माइक तिनं माझ्या हातात दिला आणि मागं जायला वळली. आमदार उभ्याचे बसले होते, ते बसूनच राहिले.

वैशाली उठली. टेबलाजवळ गेली. बापाच्या फोटोला तिनं दोन्ही हात लावले आणि तो उचलून टेबलाच्या एका कडेला सरकवला. अर्धं टेबल मोकळं झालं. पोशाभाऊचा फोटो कुठून असणार, जन्मात कधी काढलाच नव्हता. तिनं ताटातली ओंजळभर फुलं घेतली, त्या मोकळ्या जागेवर ठेवली आणि हात जोडले.

धाकटे शेठ निघून गेले, त्यांच्याबरोबर पाच-पन्नास माणसं गेली. पण मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला, त्या चौघांतला एक, तराफा ओढणारा. त्यानं जाऊन फूल ठेवलं. त्याच्यामागं दुसरा. मग बाया. मग यार्डात कामाला असलेली पोरं, साहेब बघत असतानासुद्धा. शेठना फुलं वाहून झालेली माणसं पुन्हा रांगेत आली. ताटातली फुलं संपली तसं कुणीतरी मंडपाच्या खांबावरच्या झेंडूच्या माळा तोडून दिल्या. यमुनावैनी परत येऊन टेबलाशेजारी उभी राहिली होती, आणि येणारा प्रत्येक जण तिला हात जोडत होता, जसे मयताला आल्यावर घरच्या माणसांना जोडतात. ती प्रत्येकाला मान हलवून ‘या’ म्हणत होती.

उघाडी अजून बुजलेलीच आहे, हे मी लपवत नाही. पण त्या दिवशी मी मशीन तसंच चालू सोडलं, चपला काढल्या आणि जाऊन रांगेत शेवटी उभा राहिलो.